मुलांच्या हाती खुरपे देताना

खेळण्यांच्या दुकानात मिळणारा रंगीत प्लॅस्टिकच्या अवजारांचा संच कुंडीतल्या कोकोपीटपुरता ठीक असतो. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत मात्र त्याचे दात पहिल्याच दिवशी वाकतात, मूठ निखळते आणि बागकाम आपल्याला जमणारे नाही अशी मुलाची समजूत होऊन बसते. म्हणून मुलाला आकाराने लहान पण खऱ्या लोखंडाचे अवजार द्यावे, आणि ते देण्याआधी ते ज्या मातीत चालवायचे आहे ती माती त्याच्या हाताला ओळखीची करून द्यावी, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे बहुतेकदा हा क्रम उलटा होतो. आधी अवजारांची नावे पाठ करून घेतली जातात, चित्रे रंगवून घेतली जातात, आणि माती शेवटी येते, किंवा कपडे खराब होतील म्हणून येतच नाही.

पुढील मार्गदर्शन साधारण सहा ते बारा वर्षांच्या मुलांसोबत काम करणाऱ्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी आहे. छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडमधल्या घराच्या गच्चीवर चार कुंड्या असोत, खेड्यातल्या घरामागचे परस असो, की शालेय पोषण आहाराला भाजी पुरवणारी जिल्हा परिषद शाळेची परसबाग असो, पद्धत तीच राहते. खेड्यातल्या मुलाने कुदळ आणि फावडे लहानपणापासून पाहिलेले असते, पण पाहणे आणि नीट वापरता येणे यांत अंतर आहे. त्यामुळे त्याला हे सगळे येतच असेल असे गृहीत धरू नये.

आधी माती

पहिले दोन-तीन दिवस कोणतेही अवजार बाहेर काढू नये. मुलांना तीन डब्यांत तीन प्रकारची माती गोळा करायला सांगावी: गोदाकाठच्या पट्ट्यात मिळते तशी खोल काळी माती, बालाघाटाच्या माळावर असते तशी हलकी बरड माती, आणि मुरूम. तिन्ही ठिकाणी जाणे शक्य नसेल तर नातेवाईकांकडून एकेक पिशवी मागवून घ्यावी. आपापल्या गावची माती पाठवायला लोक आनंदाने तयार होतात. प्रत्येक माती कोरडी असताना चिमटीत चोळून पाहावी आणि मग थोडे पाणी घालून तिचा गोळा करून पाहावा. काळ्या मातीचा गोळा गुळगुळीत होतो आणि त्याची लांब वळीही वळता येते; मुरमाचा गोळा उघडलेल्या मुठीतच फुटतो. काळ्या मातीत चिकणकणांचे प्रमाण मोठे असते. हे कण पाणी शोषून फुगतात आणि वाळले की आक्रसतात, म्हणूनच उन्हाळ्यात आपल्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगेत तुराटी, म्हणजे तुरीची वाळलेली काडी, घालून तिची खोली मोजण्याचे काम मुलांना द्यावे. हात मात्र कधीही घालू देऊ नये, कारण भेगांमध्ये विंचू असू शकतो.

यानंतर काचेच्या किंवा पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीत एक तृतीयांश माती आणि उरलेले पाणी घालून, झाकण घट्ट लावून बाटली जोरात हलवावी आणि न हलणाऱ्या जागी ठेवावी. वाळूचे जाड कण मिनिटभरात तळाशी बसतात, त्यावर पोयट्याचा, म्हणजे वाळूहून बारीक पण चिकणमातीहून जाड कणांचा, थर बसायला काही तास लागतात, आणि चिकणमातीमुळे आलेला गढूळपणा जायला एक-दोन दिवसही लागू शकतात. थर बसले की पट्टीने मोजून वहीत आकृती काढावी. मातीत पांढरे खडे दिसत असतील तर त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळून पाहावेत. चुनखडी असेल तर फेस येतो, कारण आम्लाने चुना विरघळून त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. चुनखडीच्या जमिनीत लोह पुरेसे असले तरी पिकाला ते नीट घेता येत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात, एवढे मोठ्या मुलांना सांगता येईल.

या सगळ्यांत सर्वांत महत्त्वाचा धडा वापशाचा आहे, आणि त्यावर घाई करू नये. पाऊस पडल्यावर किंवा पाणी दिल्यावर काळी माती पायाला आणि लोखंडाला चिकटते. पुरती वाळली की दगडासारखी होते. या दोन्हींच्या मधल्या अवस्थेत, म्हणजे वापसा आल्यावर, ती अवजाराला वाट देते. ओळखण्याची रीत सोपी आहे. वीतभर खोलीवरची मूठभर माती घेऊन घट्ट दाबावी, मूठ उघडावी आणि तयार झालेला गोळा कमरेएवढ्या उंचीवरून जमिनीवर सोडावा. गोळा चपटा होऊन पसरला किंवा तळहाताला ओल लागली तर अजून थांबावे. गोळा झालाच नाही तर आधी पाणी द्यावे. गोळा होऊन पडल्यावर त्याचे मोकळे तुकडे झाले तर कामाला लागावे. चार मुलांनी चार जागची माती घेऊन हे केले की सावलीतल्या आणि उन्हातल्या वाफ्यांचा वापसा एकाच दिवशी येत नाही, हे त्यांचे त्यांनाच कळते. ओल्या काळ्या मातीत काम केले तर ती तुडवून घट्ट होते आणि वाळल्यावर तिची ढेकळे कशानेही फुटत नाहीत. ज्या मुलाला वापसा ओळखता येतो, त्याच्या हाती अवजार द्यायला हरकत नाही.

खुरपे

सुरुवात खुरप्यापासूनच करावी. ते जमिनीजवळ बसून चालवायचे असल्याने त्याचा घाव लांब जात नाही आणि एका हाताच्या मापाचे असल्याने मुलाच्या ताब्यात राहते. लहान मुलासाठी आठवडी बाजारात लोहाराकडून हलके, अरुंद पात्याचे खुरपे घ्यावे. मुलाला सोबत न्यावे आणि मूठ त्याच्याच हातात देऊन पाहावी. मुठीभोवती बोटे गुंडाळल्यावर अंगठा पहिल्या बोटावर सहज टेकला पाहिजे. टेकत नसेल तर मूठ जाड आहे, आणि जाड मूठ धरणारे मूल थोड्याच वेळात दमून खुरपे तिरके धरू लागते. पाते मुठीत हलत नाही ना, मुठीला कुस नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. काही खुरप्यांना धार एकाच अंगाने लावलेली असते. मूल डावखुरे असेल तर लोहाराला तसे सांगून धार बदलून घ्यावी, बळेच उजव्या हाताने काम करायला लावू नये.

खुरपे चालवताना मुलाने दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उकिडवे बसावे. पाते जमिनीशी जवळजवळ समांतर धरून मातीच्या वरच्या थरात, बोटाच्या पहिल्या पेराएवढ्या खोलीवर शिरवावे आणि आपल्याकडे ओढावे. तणाचा शेंडा दुसऱ्या हाताने धरायचा असतो, पण तो हात पात्याच्या वाटेत येता कामा नये. पाते ज्या रेषेत ओढले जाते तिच्यापासून तो एका बाजूला असावा. हे तोंडी सांगून भागत नाही. मोठ्या माणसाने मुलाच्या शेजारी, त्याच्याच दिशेला तोंड करून बसावे आणि सावकाश चार-पाच वेळा करून दाखवावे, कारण समोर बसून दाखवले तर मुलाला डावे-उजवे उलटे दिसते. दोन मुलांनी हात पसरले तर बोटे एकमेकांना लागू नयेत, एवढे अंतर दोघांत ठेवावे.

खुरप्याचे खरे शिक्षण तणांत आहे. एका कोपऱ्यातले तण तसेच राहू द्यावे आणि मुलांना त्यातली दोन झाडे नीट उपटून आणायला सांगावे. कोवळे, उथळ मुळाचे तण एका ओढीत निघते. लव्हाळा मात्र वरून कापला की आठवडाभरात पुन्हा उगवतो, कारण त्याच्या मुळांना जमिनीत गाठी असतात आणि खुरप्याचे उथळ पाते त्या गाठींपर्यंत पोहोचत नाही. मुलाने खुरप्याचे टोक उभे घालून सभोवतीची माती सैल करावी आणि गाठ अखंड बाहेर काढावी. काळी, टणक गाठ तळहातावर आली की तेच खुरपे आडवे कधी आणि उभे कधी धरायचे, हा प्रश्न सुटतो. हराळीचे पांढरे धुमारे जमिनीखालून दूरवर जातात. त्यांचे तुकडे राहिले तर प्रत्येक तुकड्यापासून नवे तण होते, म्हणून ते वेचून उन्हात वाळू द्यावेत. गाजरगवताला मुलांनी उघड्या हाताने अजिबात स्पर्श करू नये. त्याने अंगावर खाज व पुरळ येते आणि काहींना दम्यासारखा त्रास होतो. ते फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, मोठ्यांनी हातमोजे घालून मुळासकट उपटावे. मुलांना त्याची पाने आणि पांढरी बारीक फुले लांबून ओळखायला शिकवणे एवढेच पुरेसे आहे.

लांब दांड्याची अवजारे

कुदळ, टिकाव, फावडे आणि पहार यांच्याबाबत थोडक्यात सांगायचे तर, दहा वर्षांखालील मुलांनी ही अवजारे ओळखावीत, उचलून वजन अजमावावे, पण ती चालवू नयेत. टिकावाचे काम कठीण जमीन फोडण्याचे, कुदळीचे खणण्याचे, फावड्याचे सुटी माती ओढून घमेल्यात भरण्याचे, आणि पहारीचे खड्डा घेण्याचे व दगड उचकटण्याचे. एकच छोटा खड्डा मोठ्यांनी या क्रमाने घेऊन दाखवला तर मुलांना हे भेद कायमचे कळतात. दाताळ्याने ढेकळे बाजूला करून वाफा सपाट करणे आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सहज जमते. फक्त दाताळे खाली ठेवताना दात जमिनीकडे असावेत, नाहीतर पाय पडताच दांडा कपाळावर येतो. बांधकामाचे घमेले मुलांना जड होते, म्हणून लहान टोपले घ्यावे आणि तेही अर्धेच भरावे. कोयता, कुऱ्हाड आणि दातेरी विळा या वयाच्या मुलांच्या हाती देऊ नये, मग घरात कितीही कामाची घाई असो.

अवजार एकाने दुसऱ्याला देताना हातातून हातात न देता जमिनीवर ठेवावे आणि दुसऱ्याने उचलावे. चालताना पाते खाली, अंगापासून दूर असावे आणि पळणे पूर्ण बंद. पायांत चप्पल पुरत नाही, बंद बूट हवेत. मुलाचे धनुर्वाताचे डोस झाले आहेत का, हे काम सुरू करण्यापूर्वी लसीकरण कार्डावर पाहून घ्यावे. सरकारी वेळापत्रकात पाच-सहा वर्षांच्या बूस्टरनंतर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी हे डोस येतात, आणि दहाव्या वर्षीचा अनेकदा राहून गेलेला असतो.

पाणी मोजून घालणे

मराठवाड्यात वर्षाचा सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास आहे आणि तोही खंड देत पडतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा भागात नळाला पाइप जोडून मुलाच्या हाती देणे मला पटत नाही. पाणी किती लागते हे त्याला मोजूनच कळावे.

सरळ बाजूंचा, वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा एक डबा मोकळ्या जागेत ठेवला की पर्जन्यमापक तयार होतो. डब्यात जमलेल्या पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावी. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद वाफ्यावर ते सुमारे ९ लिटर होते. पाचवीच्या मुलाला हे गणित येते आणि त्यावरून काल पाऊस झाला म्हणून आज झारी घ्यायची की नाही, हे तो स्वतः ठरवू शकतो.

झारी लहान असावी, दोन ते तीन लिटरची, कारण भरलेली पाच लिटरची झारी सात वर्षांच्या मुलाला तिरकी धरता येत नाही आणि पाणी एकाच जागी धो-धो पडून बी उघडे पडते. बी पेरलेल्या वाफ्याला बारीक छिद्रांच्या तोंडाने फवाऱ्यासारखे पाणी द्यावे. झाड मोठे झाले की ते तोंड काढून बुडाशी द्यावे. शेजारच्या शेतात ठिबक असेल तर मुलांना एकदा तिथे न्यावे. ताशी ४ लिटरच्या तोटीखाली मोजपात्र ठेवून पंधरा मिनिटे थांबले की दाब बरोबर असल्यास १ लिटर पाणी जमते. कमी जमले तर तोटीत क्षार अडकलेले असण्याची शक्यता असते. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार पुष्कळ असतात, हे कुंडीच्या कडेवर जमणाऱ्या पांढऱ्या थरावरूनही दाखवता येते.

सुट्टीत गावाला जाताना झाडांचे काय करायचे, या प्रश्नाला मडक्याचे उत्तर चांगले आहे. रंग न दिलेले, झिरपणारे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि वर झाकण ठेवावे, म्हणजे डास अंडी घालणार नाहीत. सभोवतीची माती जसजशी सुकते तसतसे पाणी मडक्याच्या अंगातून झिरपते. ऑइल पेंट दिलेले मडके उपयोगाचे नाही, कारण त्याची छिद्रे बुजलेली असतात.

खत, बी आणि आधाराच्या काड्या

शेणखत हे मुलांना नकोसे वाटणारे साहित्य आहे, आणि ती नकोशी भावना जाते ती खत कुजताना पाहिल्यावर. उकिरड्याच्या ढिगात एक लांब काठी खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढावी आणि तिचे टोक मुलांच्या तळहाताच्या मागच्या बाजूला लावावे. टोक गरम लागले तर आत कुजण्याची क्रिया अजून चालू आहे आणि असे खत मुळांशी घातले तर कोवळी रोपे जळतात. शिवाय कच्च्या शेणात हुमणीच्या अळ्या असू शकतात. पूर्ण कुजलेले खत थंड, भुरभुरीत आणि तपकिरी-काळे असते, आणि त्याला शेणाचा वास राहत नाही, पहिल्या पावसानंतर येतो तसा मातीचा वास येतो. मुलांना डोळे मिटून कच्चे आणि पक्के खत वासावरून ओळखायला लावले की किळस बाजूला पडते आणि चढाओढ सुरू होते. काम झाल्यावर साबणाने हात आणि नखे धुणे मात्र टाळू नये.

कुंडी भरताना नुसती काळी माती घेऊ नये. ती कुंडीत घट्ट बसते आणि पाण्याचा निचरा थांबतो. काळी माती, कुजलेले शेणखत आणि जाडसर वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम समान भाग घ्यावेत. मोजायला तांब्या वापरला तर लहान मुलांनाही प्रमाण कळते. तळाच्या छिद्रावर फुटक्या कौलाचा किंवा कुंडीचा तुकडा पालथा ठेवावा. चाळणी, तांब्या, कौलाचा तुकडा या वस्तूंचीही अवजारांत गणना करावी आणि मुलांच्या यादीत त्यांना जागा द्यावी.

पहिल्या पेरणीला मेथी सर्वांत उत्तम, कारण तिला तीन ते पाच दिवसांत मोड वर येतात आणि लहान मुलांची उत्सुकता टिकते. नंतर धने घ्यावेत. एका धन्यात दोन बिया असतात, म्हणून ते पोळपाटावर हलकेच रगडून दोन भाग करावेत, रात्रभर भिजवावेत आणि मग पेरावेत. उगवायला आठवड्याहून अधिक काळ लागतो, हे आधीच सांगून ठेवावे. लातूर जिल्ह्यातल्या कास्ती कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि आपल्या भागातली भाजी नाव मिळवून आहे हे मुलांना जरूर सांगावे. पावसाळ्यात भेंडी लावायची असेल तर ‘परभणी क्रांती’ हे वाण परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातच विकसित झाले आहे. बी त्याच्या जाडीच्या दोन ते तीन पट खोलीवर पेरावे. ओळी सरळ येण्यासाठी दोन खुंट्या आणि एक सुतळी लागते. हे साधेसे साधन मुलांना अवजारांइतकेच आवडते, कारण दोन जणांनी मिळूनच ते धरावे लागते.

येथे एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. बाजारातल्या पाकिटातले गुलाबी, निळे किंवा हिरवे रंगवलेले बी औषध लावलेले असते. ते मुलांच्या हाती देऊ नये, उरलेले घरात खाण्याच्या वस्तूंजवळ ठेवू नये. मुलांसाठी स्वयंपाकघरातले धने-मेथी किंवा घरी राखलेले बी वापरावे. आपला भाग कापसाचा आणि सोयाबीनचा आहे, त्यामुळे कीटकनाशकांचे डबे बहुतेक शेतकरी घरांत असतात. त्या डब्यांवरच्या चौकटीतला रंगीत त्रिकोण मुलांना ओळखता आला पाहिजे: लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा रंग दिसला म्हणून ते निर्धोक, असे मुळीच नाही. रिकामा डबा कितीही वेळा धुतला तरी तो झारी म्हणून, माप म्हणून किंवा कुंडी म्हणून वापरायचा नाही, आणि असा डबा कुठे पडलेला दिसला तर हात न लावता मोठ्यांना सांगायचे, हा नियम सहा वर्षांच्या मुलालाही पाठ असावा.

वेलींच्या आधारासाठी तुराट्या आणि पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) विकत आणाव्या लागत नाहीत. वाल आणि दोडक्याला तुराट्यांचा मांडव पुरतो. फक्त रोवलेल्या तुराटीचे वरचे टोक मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येते, तेव्हा प्रत्येक टोकावर ओल्या मातीचा गोळा किंवा जुने बाटलीचे झाकण बसवावे. हे काम मुलांकडूनच करून घ्यावे.

अवजारांची निगा

काम संपल्यावर शेवटची दहा मिनिटे अवजारांसाठी राखून ठेवावीत, आणि घंटा वाजली म्हणून ती कापू नयेत. चिकटलेली माती काडीने खरवडावी, ओल्या फडक्याने पुसावी, मग कोरड्या फडक्याने पुसून उन्हात ठेवावे. हे का करायचे ते कळावे म्हणून तीन वाट्यांत तीन लोखंडी खिळे ठेवावेत: एक कोरडा, एक ओल्या कापसावर, आणि एक तेल लावून ओल्या कापसावर. काही दिवसांत ओल्या कापसावरचा खिळा तांबूस होतो आणि तेल लावलेला बराच काळ तसाच राहतो. गंज चढायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात आणि तेलाचा थर दोन्हींना अडवतो. यासाठी एका बादलीत कोरडी वाळू भरून त्यात थोडे खाद्यतेल मिसळून ठेवावे. पुसलेले खुरपे त्या वाळूत चार वेळा खुपसून काढले की उरलेली घाणही निघते आणि तेलाचा हातही फिरतो.

लाकडी दांड्यांना वर्षातून एक-दोनदा जवसाचे कच्चे तेल चोळावे. ते लाकडात मुरते आणि हळूहळू घट्ट होते, त्यामुळे दांडा फाटत नाही. तेल चोळलेली फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि गुंडाळलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती दोरीवर मोकळी पसरून वाळवावीत. उन्हाळ्यात बाभळीचा दांडा आक्रसतो आणि कुदळ सैल होते. वापरण्यापूर्वी दांडा जमिनीवर उभा आपटून पाते हलते का ते पाहावे. हलत असेल तर नवी पाचर ठोकून घ्यावी. रात्रभर पाण्यात ठेवल्याने दांडा फुगतो खरा, पण तो वाळला की पुन्हा सैल होतो, म्हणून मुलांच्या आसपास काम करताना त्या उपायावर विसंबू नये.

धार कानशीने लावायची असते आणि ते काम मोठ्यांचे. मुलांनी बाजूला बसून पाहावे. बोथट खुरप्याला जोर जास्त लागतो आणि जोर लावलेला हातच निसटतो, त्यामुळे मुलाचे खुरपे बोथटच बरे हा समज चुकीचा आहे. शक्य असेल तर एकदा मुलांना लोहाराच्या भट्टीवर न्यावे. पाते लाल होईपर्यंत तापवणे, ऐरणीवर ठोकून त्याची कड पातळ करणे आणि मग पाणी देणे, हे सगळे त्यांनी चार हात अंतरावरून पाहावे आणि लोहारालाच प्रश्न विचारावेत. ‘काका, पाण्यात बुडवलं की काय होतं?’ या प्रश्नाला तो जे उत्तर देईल, ते वर्गातल्या कोणत्याही पाठापेक्षा जास्त दिवस लक्षात राहील, कारण पाण्यात शिरणाऱ्या लोखंडाचा आवाज त्या उत्तरासोबत असतो.

अवजारे ठेवायला भिंतीवर खिळे ठोकावेत आणि प्रत्येक अवजार टांगून त्याच्या कडेने मुलांनी गेरूने रेघ ओढावी. संध्याकाळी एखादी आकृती रिकामी दिसली की कोणते अवजार वाफ्यात राहिले ते एका नजरेत कळते. खिळे मुलांच्या खांद्याच्या उंचीवर असावेत. धारदार अवजारांचे खिळे त्यांचा हात पोहोचणार नाही एवढे वर. पावसाळ्यात टोपली, पालथ्या कुंड्या आणि लाकडांचे ढीग उचलण्यापूर्वी ते काठीने हलवून पाहावेत, कारण त्यांच्याखाली साप-विंचू आसरा घेतात.

पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यांनी जूनची घाई करू नये, असे मला वाटते. मृगाच्या पावसात तण जोमात येते, वापसा दोन-दोन आठवडे मिळत नाही आणि मोठी माणसेही शेतात गुंतलेली असतात. दिवाळीच्या सुमारास जमिनीत ओल असते, ऊन सौम्य झालेले असते आणि मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा यांना हा काळ मानवतो. तेव्हा पहिला वाफा करावा, आणि तो मुलाला दोन्ही बाजूंनी हात पुरेल एवढा, म्हणजे तीन फुटांपेक्षा रुंद नसावा. एप्रिल-मे महिन्यांत तापमान चाळीस अंशांच्या वर जाते, तेव्हा बाहेरचे काम सकाळी नऊच्या आत संपवावे आणि उरलेल्या वेळात सावलीत बसून दांडे तेलावणे, पाचरी ठोकणे, बी निवडून कागदी पुड्यांत भरणे आणि प्रत्येक पुडीवर पिकाचे नाव व बी राखल्याचा महिना लिहिणे, ही कामे मुलांकडे सोपवावीत.